नव्वदीपुढच्या बायकांचे जादा मृत्यू कसे मोजायचे: इंग्लंड-वेल्सच्या आकड्यांवर पहिला सराव

नव्वदीची बाई गेली की ‘वय झालं होतं’ असं म्हणतात आणि विषय संपतो. एका बाईपुरतं ते खरंही असेल. पण एखाद्या देशात एकाच महिन्यात अशा हजारो बायका नेहमीपेक्षा जास्त गेल्या, तर वयाकडे बोट दाखवून भागत नाही. नव्वदीच्या बायका गेल्या वर्षीही होत्या, त्याआधीही होत्या. मग याच महिन्यात काय झालं, असं विचारायचं असेल तर ‘नेहमीपेक्षा’ म्हणजे किती, हे आधी आकड्यात सांगता यायला हवं.

जादा मृत्यू म्हणजे प्रत्यक्ष झालेले मृत्यू वजा अपेक्षित मृत्यू. वजाबाकी सोपी आहे, सगळी मेहनत ‘अपेक्षित’ या शब्दात आहे. आणि अतिवृद्ध बायकांच्या बाबतीत नवशिक्याचा आकडा बहुतेक वेळा एकाच कारणाने चुकतो: तो मृत्यू नीट मोजतो, पण त्या वयाच्या किती बायका मुळात जिवंत होत्या ते मोजत नाही. म्हणून या लेखात मी जिवंत बायकांच्या मोजणीवर सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे.

उदाहरण घेतलंय इंग्लंड आणि वेल्सचं, २०२० सालचं, म्हणजे कोविडच्या साथीच्या वर्षाचं. तिथे जन्ममृत्यूची नोंदणी १८३७ पासून सलग आहे, आकडे फुकट मिळतात, आणि तिथल्या लोकसंख्येत पहिल्या महायुद्धाने पाडलेली एक खाच अशी आहे की ती समजली की अर्धा विषय समजला. एक्सेल किंवा लिब्रऑफिस पुरेसं आहे. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा येत असतील तर उत्तम, पण त्यासाठी अडून राहू नका.

पायरी १: प्रश्न एका ओळीत लिहा

‘इंग्लंड आणि वेल्स, बायका, वय ९० आणि पुढे, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२०.’ ही ओळ फाइलच्या वर लिहून ठेवा आणि आकडे पाहिल्यावर बदलू नका. वयाची रेघ ८५ वरून ९० वर किंवा काळ मार्चवरून एप्रिलवर सरकवत राहिलं तर हवं ते उत्तर काढता येतं. प्रदेशाचंही नीट पाहा. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची मृत्युनोंदणी वेगळी चालते. मृत्यू इंग्लंड-वेल्सचे आणि लोकसंख्या अख्ख्या ब्रिटनची, ही सरमिसळ फार सहज होते आणि लक्षातही येत नाही.

पायरी २: मृत्यूंचे आकडे

दोन जागा आहेत. पहिली म्हणजे तिथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय, म्हणजे ओएनएस. दुसरी ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस. जर्मनीतल्या रोस्टॉकची माक्स प्लांक संस्था, बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि फ्रान्सची लोकसंख्या अभ्याससंस्था मिळून तो चालवतात. नाव नोंदवलं की आकडे फुकट उतरवून घेता येतात. शिकणाऱ्याने दुसऱ्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. तिथे मृत्यू एकेका वयाचे, ११० पर्यंत, स्त्री-पुरुष वेगळे मिळतात आणि प्रत्येक देशाचा साचा एकच असतो.

याच डेटाबेसमध्ये २०२० मध्ये सुरू केलेली आठवड्यावार मृत्यूंचीही मालिका आहे. लाट नेमकी कधी आली ते बघायला ती छान, पण तिच्यात शेवटचा वयोगट ‘८५ आणि पुढे’ आहे. पंच्याऐंशीची चालतीफिरती बाई आणि एकशे दोनची अंथरुणाला खिळलेली बाई त्यात एकाच डब्यात पडतात. त्या फाइलमधले दर वार्षिक मापात दिलेले असतात, म्हणजे आठवड्याचे मृत्यू भागिले वर्षाच्या लोकसंख्येचा बावन्नावा भाग. हे लक्षात न घेता वर्षभराच्या दरांची बेरीज केली की उत्तर पन्नासपटीने फुगतं. शिवाय २०२० मध्ये आठवडे ५३ धरले जातात, त्यामुळे २०१९ शी थेट बेरजांची तुलना करू नका.

आठवड्याच्या आकड्यांत आणखी एक खड्डा आहे. ओएनएसचे साप्ताहिक आकडे मृत्यूच्या तारखेवर नसतात, नोंदणीच्या तारखेवर असतात. १७ एप्रिल २०२० ला संपलेल्या आठवड्यात इंग्लंड-वेल्समध्ये २२,३५१ मृत्यू नोंदले गेले, मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा ११,८५४ जास्त. तो त्या लाटेचा माथा होता. मग आकडे उतरू लागले, ८ मेला संपलेल्या आठवड्यात १२,६५७ पर्यंत आले, आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा १४,५७३ झाले. साथ परत उसळली होती का? नाही. ८ मेच्या शुक्रवारी युरोपातल्या युद्धविजयाच्या पंचाहत्तरीची सार्वजनिक सुट्टी होती. कचेऱ्या बंद होत्या, नोंदी पुढच्या आठवड्यात ढकलल्या गेल्या. म्हणून पहिला सराव पूर्ण वर्षावर करा. वर्षाच्या बेरजेत अशा सुट्ट्या बऱ्याच अंशी विरून जातात.

पायरी ३: जिवंत बायका मोजा

इथे थांबायचं आणि वेळ घ्यायचा.

इंग्लंड-वेल्समध्ये १९१८ साली सुमारे ६ लाख ६३ हजार बाळं जन्मली, १९१९ मध्ये ६ लाख ९२ हजार. १९२० मध्ये एकदम ९ लाख ५८ हजार. कारण उघड आहे: युद्ध १९१८ च्या नोव्हेंबरात थांबलं, सैनिक टप्प्याटप्प्याने घरी परतले, आणि १९१९ च्या शेवटच्या महिन्यांपासून पाळणे हलू लागले. ही फुगलेली पिढी २०१० मध्ये नव्वदीत शिरली, २०१५ मध्ये पंच्याण्णवला पोचली आणि २०२० मध्ये शंभरीत आली. ओएनएसच्या त्या वेळच्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये शंभर आणि त्यापुढच्या व्यक्ती २०१९ मध्ये १२,८३० होत्या आणि २०२० मध्ये १५,१२०. एका वर्षात जवळपास पाचव्या हिश्श्याने वाढ.

आता समजा कुणी २०२० मधले शंभरीपुढचे मृत्यू घेतले, २०१५ ते २०१९ ची सरासरी काढली आणि वजाबाकी केली. साथ आली नसती तरी त्याला मोठा ‘जादा’ आकडा मिळाला असता, कारण मरण्याच्या वयाला पोचलेल्याच जास्त होत्या. वाईट एवढंच की २०२० मध्ये साथही आली. म्हणजे खरे जादा मृत्यू आणि १९२० ची बाळं एकाच आकड्यात मिसळली. ती वेगळी करणं हेच आपलं काम.

हा बायकांचाच विषय का, तेही इथे दिसतं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये शंभरीपुढचे १३,९२४ जण सापडले, त्यांत ११,२८८ बायका. वय जितकं वर जाईल तितका गट बायकांचा होत जातो. दोघांना मिळून एक आकडा काढला तर तो नावाला सगळ्यांचा, प्रत्यक्षात बायकांचाच असतो, आणि तरी बायकांबद्दल नेमकं काही सांगत नाही.

लोकसंख्या कुठून घ्यायची? जनगणना दहा वर्षांतून एकदा होते आणि अतिवृद्धांच्या वयाबाबत तिच्यात चुका राहतात. त्यामुळे नव्वदीपुढे लोकसंख्याशास्त्रज्ञ एक सुंदर उलटी वाट धरतात. १९०० साली जन्मलेल्या सगळ्या बायका आता गेल्या आहेत. मग १९९० मध्ये त्यांतल्या किती नव्वदीच्या होत्या? त्यानंतर ज्या-ज्या वर्षी ज्या-ज्या गेल्या त्या सगळ्या मोजा. तेवढ्या तेव्हा जिवंत होत्या. नव्वदीनंतर स्थलांतर नगण्य असतं, म्हणून हिशेब जुळतो. ज्या पिढ्यांतल्या काहीजणी अजून आहेत त्यांच्यासाठी आधीच्या पिढ्यांवरून प्रमाण बांधतात: गेल्या काही वर्षांत इतक्या गेल्या, तर आता इतक्या उरल्या असतील. ही कॅनिस्टो-थॅचर पद्धत. फिनलंडचे वैनो कॅनिस्टो आणि ब्रिटनचे रॉजर थॅचर यांच्या नावाने ती ओळखली जाते, आणि ओएनएस नव्वदीपुढच्या अंदाजांसाठी तीच वापरतं.

या पद्धतीची एक कमजोरी ध्यानात ठेवा. ती मृत्यूंवरून जिवंतांचा अंदाज बांधते. संकटाच्या वर्षात मृत्यू अचानक वाढले की तिला वाटतं मूळ पिढीच मोठी होती, आणि उरलेल्यांचा आकडा फुगतो. नव्वदीपुढची एकूण बेरीज लोकसंख्येच्या अधिकृत अंदाजाशी बांधून दिल्यामुळे हे काही अंशी सावरतं, पण २०२१ किंवा २०२२ चा अभ्यास करताना हा धोका असतोच.

छेदात, म्हणजे दर काढताना मृत्यूंना ज्या संख्येने भागायचं तिथे, नुसती एका तारखेची डोकी धरू नका. ‘व्यक्ती-वर्षं’ धरा: जी वर्षभर जगली तिचं एक, जी मार्चअखेर गेली तिचं पाव. डेटाबेसमध्ये हे तयार मिळतं. हाताने काढायचं तर १ जानेवारी २०२० आणि १ जानेवारी २०२१ च्या लोकसंख्येची सरासरी घेतात, आणि एरवी ती चालते. १९१९-२० च्या पिढीला मात्र चालत नाही. त्या सरासरीमागे असं गृहीत आहे की जन्म वर्षभर सारखे पसरले होते. १९१९ चे जन्म तर वर्षाच्या शेवटाकडे गोळा झालेले! त्यामुळे जुन्या तक्त्यांत १९१९ ची पिढी आयुष्यभर शेजारच्या पिढ्यांपेक्षा वेगळ्या दराने मरताना दिसायची. तो मृत्युदर नव्हता, छेदाची चूक होती. ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेसने पुढे महिन्यावार जन्म धरून व्यक्ती-वर्षं काढायला सुरुवात केली ती याच कारणाने. तुमच्या तक्त्यात (एका बाजूला वय, दुसऱ्या बाजूला वर्ष) एखादी पिढी तिरक्या रेषेने, वर्षामागून वर्षं, वेगळी उठून दिसली तर आधी छेदावर संशय घ्या.

आणि सगळी वर्षं एकाच आवृत्तीतून घ्या. २०२१ च्या जनगणनेनंतर मागच्या दशकाचे लोकसंख्येचे अंदाज सुधारले गेले. अर्धी वर्षं जुन्या फाइलची, अर्धी नव्या फाइलची, असं झालं तर सांध्यावर खोटी पायरी दिसते.

पायरी ४: दर काढा, वयोगट बारीक ठेवून

प्रत्येक वर्षासाठी मृत्यू भागिले व्यक्ती-वर्षं. निदान तीन गट करा: ९०–९४, ९५–९९, १०० आणि पुढे. जमलं तर एकेक वय. नव्वदीच्या बाईला वर्षभरात मृत्यू येण्याची शक्यता इंग्लंड-वेल्समध्ये साधारण सातांत एक असते, शंभरीत ती तिघींत एकीच्या पुढे जाते. ‘९० आणि पुढे’ असा एकच गट ठेवला तर १९२० ची पिढी नव्वदीत शिरताना गटाचं सरासरी वय उतरतं आणि दर सुधारल्यासारखा दिसतो. दहा वर्षांनी तीच पिढी शंभरीत गेली की दर बिघडल्यासारखा दिसतो. एकाही बाईच्या तब्येतीत फरक पडलेला नसतो.

पायरी ५: संकट नसतं तर दर किती असता?

मृत्युदर वर्षागणिक हळूहळू बदलत असतात, म्हणून मागच्या वर्षांच्या दरांतून एक रेघ ओढून ती २०२० पर्यंत वाढवायची. एका रकान्यात वर्षं, दुसऱ्यात त्या गटाच्या दराचा लॉग (एक्सेलमध्ये LN). फोरकास्ट हे फंक्शन वापरून २०२० चा लॉग काढा आणि घातांकाने (EXP) परत दरात आणा. प्रत्येक वयोगटाला वेगळी रेघ.

मागची किती वर्षं घ्यायची, यावर भांडणं होतात आणि ती रास्त आहेत. इंग्लंडमध्ये २०११ च्या आसपासपासून मृत्युदरातली सुधारणा मंदावली. फार मागून रेघ ओढली तर ती जुन्या वेगाने खाली उतरते, अपेक्षित मृत्यू कमी येतात आणि जादा मृत्यू फुगतात. फक्त पाच वर्षं घेतली तर एकदोन हिवाळे सगळा कल ठरवतात. २०१४-१५ च्या हिवाळ्यात तिथे उरलेल्या वर्षाच्या मानाने सुमारे ४४,००० मृत्यू जास्त झाले, २०१७-१८ मध्ये सुमारे ५०,०००, आणि २०१८-१९ च्या सौम्य हिवाळ्यात सुमारे २३,०००. थंडीचा आणि फ्लूचा मार सर्वांत जास्त म्हाताऱ्या माणसांवर बसतो, त्यामुळे नव्वदीच्या बायकांच्या दरांत हे हिवाळे स्पष्ट दिसतात. मी २०१० ते २०१९ हा काळ मुख्य धरेन आणि २०१२ ते २०१९ व २०१५ ते २०१९ वरही हिशेब करून तिन्ही उत्तरं शेजारी ठेवेन. तिन्ही एकाच दिशेला असतील तर धीर येतो. एक भलतीकडे गेलं तर ते लपवायचं नाही.

पायरी ६: गुणाकार

खालचे आकडे काल्पनिक आहेत, फक्त रीत दाखवण्यासाठी. एखाद्या परगण्यात २०२० मध्ये बायकांची व्यक्ती-वर्षं अशी: ९०–९४ ची ४,०००, ९५–९९ ची १,२००, शंभरीपुढची २००. पाचव्या पायरीतून आलेले अपेक्षित दर अनुक्रमे ०.१७, ०.२८ आणि ०.४०.

९०–९४: ४,००० × ०.१७ = ६८०
९५–९९: १,२०० × ०.२८ = ३३६
१०० आणि पुढे: २०० × ०.४० = ८०
एकूण अपेक्षित: १,०९६

प्रत्यक्ष मृत्यू झाले ७६०, ३९० आणि ९०, म्हणजे १,२४०. जादा १४४. टक्केवारीसाठी अपेक्षिताने भागा: १४४ ÷ १,०९६, म्हणजे सुमारे १३ टक्के.

आता याच परगण्यात मागच्या पाच वर्षांत दरवर्षी सरासरी १,०१० मृत्यू होत असतील तर सरासरीवाल्या रीतीने जादा मृत्यू २३० येतात, जवळजवळ २३ टक्के. मधला ८६ चा फरक जवळजवळ सगळा लोकसंख्येचा आहे: या वयात पोचलेल्या बायकाच आता जास्त आहेत.

खऱ्या आकड्यांतही हे घडलंय. ओएनएस बराच काळ पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी लोकसंख्येचा आकार आणि वय धरणारी नवी रीत आणली. ब्रिटनमधले २०२० चे जादा मृत्यू जुन्या रीतीने ८४,०६४ होते, नव्या रीतीने ७६,४१२ झाले. २०२३ चे ३१,४४२ वरून १०,९९४ वर आले. साथीचं वर्ष दोन्हीकडे भयंकरच राहिलं, ते नाकारायला या बदलात काही नाही. पण २०२३ बद्दल लोक ज्या आकड्यावर वाद घालत होते त्याचा दोनतृतीयांश भाग नव्या रीतीत उरलाच नाही.

पायरी ७: किती खात्री आहे तेही सांगा

मृत्यूंमध्ये नुसत्या योगायोगाने चढउतार होतो. ढोबळ अंदाज: अपेक्षित मृत्यूंचं वर्गमूळ घ्या आणि त्याला १.९६ ने गुणा. १,०९६ चं वर्गमूळ ३३, म्हणजे इकडेतिकडे ६५. आपले १४४ त्याच्या बाहेर आहेत. शंभरीपुढच्या गटात मात्र ८० अपेक्षित, ९० झाले; वर्गमूळ ९ च्या आत, इकडेतिकडे १७-१८. त्या दहा मृत्यूंवरून काहीही ठामपणे म्हणता येत नाही. शंभरीपुढचे गट लहान असतात आणि बातम्यांत तेच सर्वांत आधी येतात, म्हणून हे आग्रहाने सांगतोय.

वर्गमूळाने येणारा हा पट्टा प्रत्यक्षापेक्षा अरुंद असतो. फ्लू आणि उष्णतेच्या लाटा एकेकट्या बाईला गाठत नाहीत, सगळ्यांना एकदम गाठतात, त्यामुळे प्रत्यक्ष चढउतार जास्त असतो. २०१० ते २०१९ मध्ये रेघेपासून प्रत्यक्ष मृत्यू किती दूर पडले ते पाहा आणि त्या प्रमाणात पट्टा रुंद करा.

पायरी ८: शांत वर्षावर रीत तपासा

हीच रीत २०१९ वर चालवा, २०१८ पर्यंतचे दर धरून. मग २०१८ वर, २०१७ पर्यंतचे धरून. जी रीत २०१९ सारख्या साध्या वर्षात मोठे जादा मृत्यू दाखवते तिच्या २०२० च्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. ही तपासणी अर्ध्या तासात होते आणि ती न करता आकडा बाहेर काढू नये असं मला मनापासून वाटतं, कारण त्या आकड्यावरून पुढे कुणी तरी वृद्धाश्रमाचा निधी, लसीचा क्रम किंवा सरकारची जबाबदारी ठरवणार असतं.

आकडा काय सांगतो

जादा मृत्यू म्हणजे कोविडचे मृत्यू नव्हेत. त्यात चाचणी न झालेले कोविडचे मृत्यू येतात, दवाखाना टाळल्यामुळे झालेले येतात, आणि टाळेबंदीत फ्लू कमी पसरल्याने वाचलेल्यांची वजावटही येते. २०२० च्या वसंतात तिथल्या वृद्धाश्रमांमध्ये फार मोठ्या संख्येने माणसं गेली, आणि तिथे राहणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. कारणं शोधायची तर मृत्यूचं ठिकाण आणि प्रमाणपत्रावरचं कारण हे वेगळे तक्ते लागतात.

२०२१ च्या मार्चपासून काही आठवडे तिथले मृत्यू सरासरीच्याही खाली गेले. यावरून ‘त्या तशाही जाणारच होत्या’ असा निष्कर्ष काढणारे भेटतील. काहीजणींच्या बाबतीत मृत्यू काही महिने अलीकडे ओढला गेला हे खरं आहे, आणि ते मोजायचं तर वर्षापुरतं न थांबता दोनतीन वर्षांची बेरीज करावी लागते. पण नव्वदीच्या बाईलाही सरासरी चार-साडेचार वर्षं पुढे असतात. ती कुणाची तरी आई, आजी असते आणि ती वर्षं तिची असतात.

हेच महाराष्ट्रात करता येईल का?

सरळ नाही. २०११ नंतरची जनगणना लांबली, त्यामुळे छेद जुन्या मोजणीवरून पुढे ढकललेला अंदाज आहे. निवडक भागांतले जन्ममृत्यू मोजणाऱ्या सरकारी नमुना नोंदणी पद्धतीच्या अहवालांत वयाचा शेवटचा गट ‘८५ आणि पुढे’ असतो, आणि नमुन्यात त्या वयाच्या बायका थोड्या. नोंदणीचं प्रमाणही वर्षागणिक सुधारत आलंय. देशात नोंदलेले मृत्यू २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १०२ लाख होते. या वाढीत मृत्यू किती आणि सुधारलेली नोंदणी किती, हे आधी सोडवावं लागतं. आणि वयच अनेकींना नक्की माहीत नसतं.

ते स्वतः पाहायचं असेल तर २०११ च्या जनगणनेचा सी-१३ तक्ता महाराष्ट्रासाठी उतरवून घ्या. त्यात एकेका वयाची संख्या आहे, स्त्री-पुरुष वेगळी, ग्रामीण-शहरी वेगळी. बायकांच्या रकान्यात ७९, ८०, ८१ शेजारी ठेवा, मग ८९, ९०, ९१. शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या वयांना जी उंच टोकं दिसतील ती खरी लोकसंख्या नाही, प्रगणकाला अंदाजाने सांगितलेली वयं आहेत. ग्रामीण आणि शहरी टोकांची उंची वेगवेगळी काढून ठेवा. महाराष्ट्रातल्या नव्वदीपुढच्या बायकांबद्दल कुणी एका टक्क्यापर्यंत नेमका आकडा सांगितला, तर त्याला हा तक्ता दाखवून विचारा की त्याने या टोकांचं काय केलं.